चाप परत येईना

घरात बंदूक बनवतो म्हणून आमच्या गावचे पोलीस पाटील माझ्या ओटीवर येऊन चहा पिऊन गेले आहेत. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि तुमच्यापर्यंत पोचेतो त्या बंदुकीची तोफ झालेली असेल. बंदूक लाकडाची होती. तिच्यातून गोळीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रबरी चकत्या उडायच्या, आणि त्या ज्यांच्यासाठी उडायच्या ती होती वानरं.

आमचं गाव अलिबागहून रेवसकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरामागे भाताचं एक खाचर आहे. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर आमच्याकडे वाल पेरतात. त्याला वेगळं पाणी लागत नाही, खताचे लाड लागत नाहीत. लागते ती राखण. थंडीत शेंगा भरल्या की त्या मडक्यात घालायच्या, सोबत बटाटे, अंडी, कोंबडी, ओवा आणि खडे मीठ, वरून भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढ्याचा जाळ करायचा. ही आमची पोपटी. तिची चव सांगत बसलो तर बंदूक बाजूलाच राहील.

राखण बायकोकडे असायची. मी कंपनीत फिटर होतो. पहिल्या पाळीला निघायचो तेव्हा ही बांधावर रिकामा डबा बडवत उभी, आणि रात्रपाळीहून परत यायचो तेव्हाही ही बांधावर डबा बडवत उभी. पुढे मी निवृत्त झालो. आयुष्यभर भोंग्यावर उठलेल्या माणसाला ऊन अंगावर येईतो झोपण्याचा हक्क आहे, असं माझं ठाम मत होतं आणि मी ते कृतीत आणत होतो. खाचरात डबा वाजत राहायचा. वानरांना त्या डब्याची इतकी सवय झाली होती की तो ऐकून ती पळायच्याऐवजी जेवायला हाक मारल्यासारखी गोळा व्हायची. गेल्या हंगामात जेमतेम एक टोपली शेंग घरात आली.

शेजारी माझ्या चुलतभावाची पाहुण्यांसाठीची कॉटेजं आहेत. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या रो-रो बोटीतून उतरतात आणि त्याच्या दारात अडकून पडतात. त्याला आमचं खाचर गाड्या लावायला हवं होतं. माणूस वाईट नाही. फक्त मोकळी जमीन दिसली की त्याला तिच्यावर रांगेने गाड्या दिसू लागतात. त्याने विचारलं की बायको दरवर्षी हसून टाळायची. यंदा वाल पेरताना मात्र ती कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "यंदा पेरते. पन ह्यो शेवटचा. एकटीनं किती बोंबलायचं? शेंगा झाल्या की भावजींना सांगा, टाका मुरूम."

मुरूम पडला की जमीन संपली, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ती रागावून बोलली असती तर मी वाद घातला असता. ती दमून बोलली होती, आणि ते मला फार लागलं. मला ते खाचर हवं होतं. तिथे वडिलांनी मला मडकं उपडं करायला शिकवलं होतं. अशा वेळी शहाण्या माणसाने म्हणावं, उद्यापासून राखणीला मी येतो. मी म्हणालो, "मी बंदूक करतो."

"कसली?"

"वानरांना पळवायची."

"मारुतीची मानसं हायत ती. एकाला जरी लागलं तरी घरात घेनार न्हाय तुमाला."

म्हणून रबर. फटाके लावले तर कॉटेजवरची माणसं खिडकीतून डोकावून रागवायची, दगड मारायचा नाही, गलोल धरायची नाही. माझ्या डोक्यात एक यंत्र आकार घेऊ लागलं. फणसाच्या फळीचा दस्ता, लांब नळीच्या जागी सपाट पट्टी आणि मागे प्लायवूडचं आठ दात्यांचं चक्र. एकेका दात्यावर एकेक रबरी चकती ताणून अडकवायची. चाप ओढला की एक दात सुटतो, चकती उडते आणि दात फिरताना पत्र्याच्या पट्टीवर असा काही आपटतो की कानठळ्या बसाव्यात. चाप सोडला की आत बसवलेली पेनातली छोटी स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि तो दुसऱ्या दातासाठी तयार. पुन्हा ओढा, पुन्हा दणका. मध्ये काही भरायचं नाही, खेचायचं नाही. एका दमात आठ दणके. कंपनीत एवढी वर्षं दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त केली, हे पहिलं माझं स्वतःचं होतं. ते पूर्ण झाल्यावर मी त्याला प्रेमाने तेल दिलं. घरचं खोबरेल, आमच्याच नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं. आमच्या घरात कुलपाला, कोयत्याला, पाळण्याच्या कडीला आणि बाळाच्या टाळूला हेच तेल लागतं, मग बंदुकीने काय पाप केलंय?

पहिल्या सकाळी उजाडताना मी अंगावर शाल घेऊन बांधावर जाऊन बसलो. बायको डबा घेऊन शेजारी. वानरं आली. पुढे हुप्प्या, म्हणजे टोळीचा मोठा नर, पोलीस पाटलांपेक्षा रुबाबदार. तो शेंगांत शिरला आणि मी चाप ओढला. दणका झाला, चकती सपकन पानांतून गेली, हुप्प्या उडाला तो थेट शेवग्यावर. मी बायकोकडे पाहिलं. मग दुसरा दणका द्यायला बोट दाबलं तर बोटाखाली काहीच नव्हतं. चाप मागे गेला होता तो मागेच बसला होता. मी नखाने त्याला पुढे ओढेतो हुप्प्याने शेवग्यावरून सगळा प्रकार नीट पाहून घेतला, उतरला आणि पुन्हा जेवायला बसला. बायकोने डबा उचलला.

न्याहारी झाल्यावर बंदूक घेऊन ओटीवर बसलो. उघडली, पाहिली, मिटली. चकत्या लावल्या आणि अंगणातल्या बादलीवर आठही झाडल्या. एकही अडकली नाही. चाप असा टकाटक परत येत होता की मी स्वतःलाच शाबासकी दिली. म्हटलं, सकाळी माझंच बोट गारठलं असेल.

दुसऱ्या सकाळी एक दणका, आणि चाप मागे.

स्प्रिंग कमजोर असणार. पेनातली काढून जुन्या विजेरीतली घातली. आता चाप ओढायलाच जोर लागू लागला, पण ओटीवर आठही बार सुरळीत. वरून थोडं तेल दिलं. सकाळी पुन्हा एक दणका, आणि चाप अगदी आळसावून, म्हातारा खाटेवरून उठावा तसा, अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला.

मग लाकूड फुगलं असणार. दहिवर पडतं, खाचरात ओल असते. चापाची खाच कानशीने घासली, पॉलिशपेपरने गुळगुळीत केली, चाप त्यात खुळखुळा वाजेल इतकी सैल केली. परत तेल दिलं, या वेळी सढळ हाताने. ओटीवर आठ. बांधावर एक.

एव्हाना हुप्प्याला हिशेब कळला होता. पहिल्या दणक्याला तो उडी मारायचा, पण लांब जायचाच नाही. बांधाच्या दगडावर बसायचा, दुसरा दणका येत नाही याची खात्री करायचा आणि परत शेंगांत. त्याची ती वाट पाहत बसण्याची पद्धत मला सहन होत नव्हती. माणसाने अपमान करावा, ते समजतं. मी चिडून दिवसभर कुणाशी धड बोलत नव्हतो. बायको मात्र मजेत होती. चहाची किटली बांधावर आणायला लागली होती. एका सकाळी मी चापाशी झटापट करत असताना ती मला विचारते, "ही बंदूक हाय का शाळेची घंटा? एकदाच वाजते."

त्याच सुमाराला मला खाचरात काही वेलांना लाल चिंध्या बांधलेल्या दिसल्या. तिच्या जुन्या लुगड्याच्या. वानरांना भिववायला बांधल्या असणार. मला वाईट वाटलं. म्हटलं, हिचा बंदुकीवरचा विश्वास उडाला, आता चिंध्यांवर आली. मी तिला विचारलंही नाही. घुश्शात जाऊन स्प्रिंग पुन्हा बदलली.

पोलीस पाटील आले ते याच दिवसांत, भर दुपारी. गावात कुणीतरी सांगितलं होतं की मी घरात आठ बारांची बंदूक करतोय. मी त्यांच्या हातात ती दिली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "हिला तर खोबरेल तेलाचा वास येतोय." मग बादलीवर नेम धरून आठ बार काढले, धडाधड, एकही न चुकवता. खूश झाले. त्यांच्या चिकूवर वानरं येतात, तेव्हा अशीच एक त्यांनाही हवी होती. चहाचा कप ठेवताना मला म्हणाले, "काय बिघडलंय म्हनता तुमी? चांगली चालते की."

आतून बायको म्हणाली, "व्हय, दुपारची चालते. दुपारची वानरं कुठनं आनू?"

त्यांच्या देखत नाचक्की झाली ती झाली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं लाकडाला, स्प्रिंगला, दहिवराला आणि शेवटी प्लायवूडच्या दुकानदाराला दोष देऊन झालं होतं. चुलतभाऊ कुंपणापलीकडून रोज विचारायचा, "दादा, झाली का?" त्यात कुचेष्टा नव्हती. पण त्याच्या फाटकापाशी मुरमाचा ढीग येऊन पडला होता, आणि तो मला ओटीवरूनही दिसायचा. शेंगा भरत चालल्या होत्या. राखायच्या त्या याच दिवसांत राखायच्या.

मग एक सकाळ आली ती चांगलीच गार. आमच्याकडे थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी, पण येते तेव्हा दात वाजवते. बांधावर एक दणका झाला आणि चाप हललाच नाही. नखानेही येईना. मी बंदूक काखेत मारून तणतणत मागच्या दाराने घरात शिरलो. बायकोला त्या दिवशी कुठेतरी हळदीकुंकवाला जायचं होतं. ती माझ्या आधी घरात आली होती आणि न्हाणीच्या दाराशी केस सोडून तेलाची बाटली तळहातावर आपटत होती.

"येतच न्हाय मेलं," ती म्हणाली. "थिजलंय. जरा चुलीपाशी ठेवा ना."

मी बाटली घेतली. आत तेल नव्हतंच, पांढरा शुभ्र गोळा होता. चुलीपाशी ठेवायला वाकलो आणि तसाच वाकलेला राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर काखेत बंदूक आणि हातात बाटली होती.

मी बाटलीबरोबर बंदूकही चुलीच्या उबेला धरली. बाटलीतला गोळा कडेने सुटून तरंगायला लागला तेवढ्यात दस्त्यातून आवाज आला, टक. कुणी हात लावला नव्हता. चाप आपण होऊन पुढे आला होता.

चापाची खीळ काढली तर आत अजूनही कोपऱ्याकोपऱ्यांत पांढरं लोणी साचलेलं. सगळं मी घातलेलं. चाप अडला की तेल, आणखी अडला की आणखी तेल. आणि तपासायचो कधी, तर न्याहारीनंतर, उन्हात, सगळं वितळून पातळ झाल्यावर. कंपनीत नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगायचो की मशीन ज्या वेळी बिघडतं त्या वेळीच उघडा, बंद पडल्यावर चहाला जाऊन मग येऊ नका. घरी मी रोज न्याहारी करून येत होतो.

बायकोला सांगितलं. ती केस तसेच मोकळे घेऊन पायरीवर बसली.

"कंपनीत मशीनला काय घालायचात?"

"मशीनचं तेल."

"मंग हितं?"

"हितं घरचं तेल."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो, पण जरा उशिरा.

खाच रॉकेलने धुतली, कापडाने कोरडी केली, तिच्या शिलाई मशीनच्या कुपीतलं तेल थेंबभर दिलं आणि पहिली, पेनातली, नाजूक स्प्रिंग परत बसवली. या वेळी ओटीवर एकही बार काढला नाही. बंदूक बाहेरच्या खुंटीला थंडीत टांगून ठेवली आणि उजाडताना तीच घेऊन बांधावर गेलो.

हुप्प्या आला, शेंगांत शिरला. दणका. तो उडी मारून नेहमीच्या दगडावर गेला आणि मांडी घालून बसला. दुसरा दणका झाला आणि चकती त्या दगडापाशी पडली तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. कुणीतरी करार मोडल्यासारखा त्याने माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्याला तो शेवग्यावर होता, चौथ्याला शेवग्याच्या पलीकडे, आणि पाचव्याला सगळी टोळी कॉटेजच्या कौलांवरून दणदणत आंबराईकडे निघाली होती. उरलेले तीन बार बायकोने मागितले. तिने ते मोकळ्या खाचरावर झाडले, कुणावरच नाही, प्रत्येक दणक्याला डोळे गच्च मिटून.

त्यानंतरही वानरं येत राहिली. वानरंच ती. पण बांधाच्या आत यायच्या आधी थांबून विचार करू लागली, आणि मला तेवढं पुरत होतं. शेंगा भरल्या. कित्येक वर्षांत भरल्या नव्हत्या तशा भरल्या.

पोपटीला चुलतभावालाही बोलावलं. सूर्य खाली गेला होता, भांबुर्ड्याचा उग्र वास हाताला येत होता. बायको मडक्यापाशी बसून पाल्याचा थर देत होती आणि आम्ही दोघे शेंगा तोडत होतो. ती काय बोलली होती ते मी विसरलो नव्हतो. ती शब्दाची पक्की आहे. शेंगांची टोपली भरत आली तसा मी एकेक शेंग सावकाश तोडू लागलो. शेवटी चुलतभावानेच विषय काढला.

"वयनी, शेंगा तर झाल्याच आता. मंग पुढच्या आठवड्यात मुरूम टाकू?"

बायकोने मडक्यातून मान वर केली नाही. "त्या चिंधीवाल्या येलांना हात लावू नका, भावजी," ती म्हणाली. "बियान्याच्या हायत त्या."

आमच्याकडे पुढच्या पेरणीला ठेवायच्या वेलाला चिंधी बांधतात. लहानपणापासून पाहत आलोय. बंदुकीच्या नादात मला त्या चिंध्या बुजगावण्याच्या वाटल्या होत्या. चुलतभावाचा हात लाल चिंधीजवळ पोचला होता, तो त्याने हळूच मागे घेतला आणि शेजारचा वेल धरला. तोडता तोडता म्हणाला, "गाड्यांचं मग दुसरीकडं बघतो." त्याला पेरणी म्हणजे काय ते कळतं, शेवटी आमच्याच घरातला आहे.

मला इतका आनंद झाला की गप्प बसवेना. टोपली तिच्यापाशी ठेवत मी म्हणालो, "बघ, बंदुकीने खाचर वाचवलं की नाही?"

"बंदुकीनं?" तिने माझ्याकडे पाहिलं. "चिंध्या कवा बांधल्या मी?"

मी आठवलं. विजेरीतली स्प्रिंग, कानस, ती शाळेची घंटा.

"तवा कुठं चालत व्हती तुमची बंदूक?"

"मग?"

"तुमी उठत व्हतात," ती म्हणाली. "रोज."

मग तिने टोपलीतल्या शेंगा मडक्यात भरल्या, तोंडाशी शेवटचा पाला कोंबला, दाबून पाहिला आणि मला पेंढा आणायला पिटाळलं.